प्रत्येक डावात रेज करणारा गडी: कुठे बिघडतं आणि काय बदलायचं

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते. "पत्ते बरे आले तरी तो खेळूच देत नाही. मी चेक केलं की तो बेट मारतो, कॉल केला की पुढच्या पत्त्यावर त्याहून मोठी मारतो. शेवटी मी टाकून देते आणि तो पत्ते न दाखवता पॉट ओढून घेतो." हे मी स्वतः जवळजवळ वर्षभर बोलत होते. मागच्या काही महिन्यांत नव्याने शिकलेल्या तिघाचौघांनी मला हेच विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते आहे. खेळ पोकरचा, नो-लिमिट टेक्सस होल्डेम, म्हणजे बेटला वरची मर्यादा नाही. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच (आधी एकदम तीन, तो फ्लॉप; चौथा टर्न; पाचवा रिव्हर), आणि बेटिंगच्या चार फेऱ्या. बेट म्हणजे चिप्स लावणं, चेक म्हणजे न लावता पाळी पुढे देणं, कॉल म्हणजे समोरच्याइतकंच भरणं, रेज म्हणजे त्याहून वाढवणं, आणि पॉट म्हणजे मधे जमलेल्या सगळ्या चिप्स.

आमचं टेबल सहाजणांचं. ठाण्यात, सोसायटीतल्या एका मित्राच्या हॉलमध्ये, एक आड एक शनिवारी. प्रत्येकाला ५००० च्या चिप्स, ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधीच दोघांनी लावायच्या सक्तीच्या चिप्स, २५ आणि ५०. पैसे लावत नाही. महाराष्ट्रात जुगारबंदीचा १८८७ चा कायदा आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन डावही बंद झाले. पण त्याआधीपासूनच आमचा खेळ चिप्सपुरताच आहे. टेबलावर शेजारच्या विंगमधले एक काका असतात, निवृत्त, अत्यंत उत्साही. काका बोलायला लागले की समजायचं २००. पत्ते कुठलेही असोत, रेज २०० चा.

आधी खात्री करा, खरंच अति आहे का?

दोनदा वाईट हरलं की समोरचा प्रत्येकजण दांडगा वाटतो. म्हणून आधी मोजा. मोबाइलवर नोंदी करणं टेबलावर बरं दिसत नाही, म्हणून मी शेंगदाणे वापरले. समोरच्या वाटीतून काकांच्या प्रत्येक रेजला एक दाणा बाजूला काढायचा. तीस डावांत एकोणीस दाणे जमले.

आता चांगले पत्ते किती वेळा येतात ते बघू. बावन्न पत्त्यांतून दोन पत्ते १३२६ प्रकारे येऊ शकतात. त्यात जोड्या ७८. दोन्ही पत्ते दश्शी किंवा त्यावरचे, पण जोडी नाही, असे १६०. एकूण २३८, म्हणजे शंभरात साधारण अठरा. तीस डावांत पाच-सहा वेळा. एखादा पाच-सहाच्या जागी आठ-नऊ वेळा रेज करत असेल तर त्याला मी दांडगा म्हणणार नाही, तो नीट खेळतोय आणि त्या दिवशी पत्तेही बरे येतायत. एकोणीस वेळा रेज म्हणजे मात्र पत्ते न बघताच रेज केल्यासारखं आहे. कुणाचंही नशीब इतकं चालत नाही.

हे मोजणं टाळू नका. पुढचे सगळे उपाय त्या आकड्यावर उभे आहेत. जो फक्त रिव्हरवर अचानक मोठी बेट लावतो आणि एरवी गप्प असतो, त्याला हे उपाय लावले तर तुमचंच दिवाळं वाजेल. त्याच्याकडे तेव्हा पत्ते असतात. त्याच्यासमोर टाकून द्यायचं, प्रश्न मिटला.

आणखी एक गोष्ट बघायची: फ्लॉपआधी रेज करणारा पुढे काय करतो? काहीजण फ्लॉपवर एकदा बेट लावून टर्नवर थंडावतात. अशांना फ्लॉपवर नुसता कॉल करा आणि टर्नवर त्यांनी चेक केलं की तुम्ही बेट लावा, बहुतेक वेळा पॉट तुमचा. काहीजण मात्र फ्लॉप, टर्न, रिव्हर तिन्ही ठिकाणी मारत सुटतात. आमचे काका या दुसऱ्या जातीचे, आणि अवघड तेच जातात.

बिघाड नेमका कुठे आहे

मला हे उशिरा कळलं. मी काकांकडे बघत होते, बिघाड माझ्या हिशोबात होता.

जोडी नसलेले दोन पत्ते घेऊन तुम्ही फ्लॉप बघितलात, तर फ्लॉपच्या तीन पत्त्यांत तुमच्या दोहोंपैकी एकाचीही जोडी न जुळण्याची शक्यता ६७ टक्क्यांहून थोडी जास्त आहे. तीनांत दोनदा फ्लॉप कोरडाच जातो. हे तुमच्यासाठी खरं आहे तसं समोरच्यासाठीही. माझा शिरस्ता असा होता की जुळलं तर राहायचं, नाही तर काकांनी बेट मारली की टाकायचं.

आता काकांच्या बाजूने बघा. पॉटमध्ये ४०० आहेत आणि त्यांनी २०० मारले. ही बेट तीनांत एकदा जरी यशस्वी झाली तरी त्यांचं नुकसान नाही. एकदा ४०० मिळतात, दोनदा दोनशे-दोनशे जातात, हिशोब बरोबर. आणि मी तर तीनांत दोनदा टाकत होते. म्हणजे हातात दुर्री-सत्ती असली तरी त्यांनी मारणं फायद्याचंच. त्यांना ही गणितं येत असतील-नसतील, पण माणूस हुशार आहे, पैलतीरावरून पाणी किती खोल आहे ते त्यांना बरोबर दिसलं होतं. माझ्यासमोर मारलं की मिळतं, एवढं त्यांना पुरेसं होतं.

त्यात एक गोष्ट घरगुती टेबलावर हमखास असते आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. काका वयाने मोठे. त्यांना कॉल करून पत्ते उघडायला लावणं म्हणजे तोंडावर "तुम्ही थापा मारताय" म्हटल्यासारखं वाटायचं. "जाऊ दे ना, काका आहेत" म्हणत मी कितीतरी पॉट सोडले. त्यातून समोर बाई असेल तर ती सोडेल असं टेबलावरच्या बऱ्याच जणांच्या मनात असतं, त्यामुळे मला जरा जास्तच मारलं जायचं. कॉल करण्यात अनादर नाही. तो खेळाचा भाग आहे, आणि काकांना त्याचं कधीच वाईट वाटलं नाही. वाईट वाटेल ही माझी कल्पना होती.

तर बिघाडाची दोन टोकं आहेत. फ्लॉपआधी आपण नको ते पत्ते घेऊन आत शिरतो, कारण "ते तरी कुठे चांगल्या पत्त्यांवर खेळतात". आणि फ्लॉपनंतर नको तिथे बाहेर पडतो. दोन्ही टोकं उलटी करायची. आत शिरताना निवडक व्हायचं, शिरल्यावर चिवट.

पहिला बदल, जागा

पोकरमध्ये पाळी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते, म्हणजे तुमच्या डाव्या हाताचा माणूस तुमच्यानंतर बोलतो. दांडगा गडी तुमच्या डावीकडे असेल तर तुम्ही आधी बोलता आणि तो तुमच्यावर येऊन पडतो. तो उजवीकडे असेल तर त्याचं काय ते तुम्हाला आधी कळतं. त्यामुळे त्याच्या डाव्या हाताची खुर्ची पकडायची. बटण, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याची खूण, दर डावाला फिरत राहतं, त्यामुळे एखाद-दोन डावांत क्रम उलटतो. तो बटणावर असेल आणि तुम्ही स्मॉल ब्लाइंडला, म्हणजे २५ लावलेले, तर फ्लॉपनंतर तुम्हालाच आधी बोलावं लागतं. पण बाकी बहुतेक डावांत शेवटचा शब्द तुमचा.

आमच्याकडे हात टेकायला दांडे असलेली एकच खुर्ची आहे, आणि काकांचे गुडघे दुखतात म्हणून ती त्यांची. ती मी मागणार नव्हतेच. मीच उठून सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला, त्यांच्या डावीकडे गेले. एवढ्या एका बदलाने माझा अर्धा त्रास संपला. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर खेळणाऱ्यांनीही हे करावं. तिथे हवी ती जागा पहिल्यापासून मिळेलच असं नाही, पण जागा बदलून हवी असल्याचं टेबल सांभाळणाऱ्याला सांगून ठेवता येतं. कुणी उठलं की तुम्हाला विचारतात. लाजू नका.

काही जाणकार उलट सल्ला देतात. त्याच्या उजवीकडे बसा, म्हणजे तुम्ही चेक कराल, तो मारेल, बाकी सगळे काय करतात ते बघून तुम्ही शेवटी ठरवाल. हा डावपेच खोटा नाही, पण त्याला धीर लागतो आणि समोरची माणसं वाचता यावी लागतात. नव्या माणसाने डावीकडेच बसावं.

दुसरा बदल, फ्लॉपआधी

डावीकडे बसल्यावर खरं हत्यार हाती येतं. काकांनी २०० केले की पत्ते चांगले असतील तर नुसता कॉल करायचा नाही, ६५० करायचे. तुमच्या मागे बसलेल्यांना कळतं की हे प्रकरण आता महाग आहे, ते टाकतात. राहता तुम्ही आणि काका, त्यांचे पत्ते वाटेल ते आणि तुमचे निवडलेले.

"चांगले" म्हणजे किती? एरवी ज्याच्यावर तुम्ही पुन्हा रेज करायला कचराल, ते इथे पुरतं. नव्वीची जोडी घ्या. समोर कुठलेही दोन पत्ते असतील तर पाचही पत्ते उघडेपर्यंत ती शंभरातून ७२ वेळा जिंकते. एक्क्यांची जोडी ८५ वेळा. अठ्ठीपासूनच्या वरच्या जोड्या, एक्क्याबरोबर दश्शी किंवा वरचं काही, राजा-राणी: एवढ्यांवर मी पुन्हा रेज करते. दुर्री-तिर्रीसारख्या छोट्या जोड्यांवर नाही. छोटी जोडी घेऊन फ्लॉपवर तिकडी (तीन सारखे पत्ते) लागायची शक्यता साधारण साडेआठांत एकदा, आणि दरवेळी २०० देऊन ती वाट बघणं परवडत नाही.

सत्ती-छक्की एकाच रंगाची आली की जीव गुंततो, मला माहीत आहे. पाच जणांच्या स्वस्त पॉटमध्ये ते पत्ते छान. २०० च्या रेजसमोर ते सरळ टाका. दांडग्या माणसासमोर सर्वात जास्त चिप्स याच पत्त्यांवर जातात, कारण फ्लॉप अर्धवट लागतो आणि मग प्रत्येक पत्त्याला पट्टी बसते.

इथे एक भीती आड येते. तुमच्याकडे नव्वीची जोडी, तुम्ही पुन्हा रेज केलं, काकांनी कॉल केला, आणि फ्लॉपवर एक्का आला. "गेलं! एक्का त्यांच्याकडे असणार." थांबा, मोजा. तुमचे दोन आणि टेबलावरचे तीन सोडले तर ४७ पत्ते उरतात, त्यांत एक्के तीन. त्या पत्त्यांतून दोन पत्ते १०८१ प्रकारे निघतात आणि त्यांपैकी निदान एक तरी एक्का असलेले फक्त १३५. काका शंभरातले साठ हात खेळतात असं धरलं, आणि एक्का असलेला प्रत्येक हात त्या साठात आहे असंही धरलं, तरी एक्का त्यांच्याकडे असण्याची शक्यता पाचांत एक. पाचांत चारदा तो एक्का तुमच्याइतकाच त्यांनाही परका आहे. जो शंभरातले दहाच हात खेळतो, त्याच्यासमोर मात्र त्या एक्क्याला घाबरायला हवं.

तिसरा बदल, फ्लॉपनंतरचा चिवटपणा

हा भाग सगळ्यात कठीण, कारण इथे गणित समजलं तरी हात थरथरतो. एक डाव सांगते. जागा बदलण्याआधीचा आहे, काका अजून माझ्या डावीकडे होते.

मी बिग ब्लाइंडला, म्हणजे ५० लावलेले. काका लगेच पुढचे, त्यांनी २०० केले. सगळ्यांनी टाकलं. माझ्याकडे बदामचा राजा आणि बदामची दश्शी. मी कॉल केला, पॉट ४२५. फ्लॉप: इस्पिकची दश्शी, चौकटची सत्ती, किलवरची दुर्री. मला दश्शीची जोडी, टेबलावरची सर्वात वरची. मी चेक, काकांचे ३००, माझा कॉल. पॉट १०२५. टर्नला किलवरची राणी. मी चेक, काकांचे ७००, कॉल. पॉट २४२५. रिव्हरला बदामची पंजी. मी चेक केलं. काकांनी चिप्सच्या दोन चळती दोन्ही हातांनी पुढे ढकलल्या. २०००.

याआधी मी अशा ठिकाणी हमखास टाकायचे. "राणी लागली असेल" म्हणायचे आणि पाणी प्यायला उठायचे. त्या रात्री मी उठले नाही. चिप्स मोजल्या. मला २००० भरायचे होते आणि जिंकले तर पॉटमधले ४४२५ मिळणार होते. माझे धरून एकूण ६४२५. म्हणजे हा कॉल शंभरातून एकतीस वेळा बरोबर ठरला तरी पुरे.

मग टेबलाकडे बघितलं. तीन पत्ते एका रंगाचे नाहीत, म्हणजे कलर (एका रंगाचे पाच पत्ते) शक्य नाही. दश्शी, सत्ती, दुर्री, राणी, पंजी, यातून हातातल्या दोन पत्त्यांनी सिक्वेन्सही (ओळीचे पाच पत्ते) बनत नाही. मग काकांकडे काय असेल? सत्ती, दुर्री किंवा पंजीची तिकडी असेल तर ती प्रत्येकी तीनच प्रकारे येते, मिळून नऊ. राणी असेल, हो, ती बऱ्याच प्रकारे येते. पण सिक्वेन्सच्या मागे लागून हुकलेले पत्तेही कमी नाहीत. गुलाम-नव्वी सोळा प्रकारे, नव्वी-अठ्ठी सोळा प्रकारे. शिवाय एक्का-राजा, एक्का-गुलाम असे काहीच न लागलेले हात. शंभरातले साठ हात खेळणाऱ्या माणसाच्या पिशवीत हे सगळं असतं. यातले सगळे हुकलेले हात ते रिव्हरवर मारत नसतील, निम्मेच मारत असतील, तरी एकतीस टक्के होतात.

मी म्हटलं, "काका, कॉल."

ते क्षणभर हसले आणि गुलाम-नव्वी उघडली. राजा किंवा अठ्ठी आली असती तर सिक्वेन्स झाला असता. आली नाही.

पुढच्याच शनिवारी जवळपास अशाच ठिकाणी मी पुन्हा कॉल केला आणि त्यांच्याकडे दोन जोड्या निघाल्या. तो कॉलही बरोबरच होता. ज्या कॉलला शंभरातून एकतीस वेळा जिंकायचं आहे, तो एकोणसत्तर वेळा हरला तरी चालतो. हे पटायला वेळ लागतो. एकदा हरल्यावर "बघ, टाकायला हवं होतं" असं शेजारचा हमखास म्हणतो. त्याचं ऐकलंत तर महिनाभरात पुन्हा जुन्या जागी येऊन बसाल.

मग सगळ्याच पत्त्यांवर कॉल करत सुटायचं का? नाही. एक ढोबळ माप ठेवा. समोरच्याने पॉटइतकी बेट लावली तर तिथवर आणलेल्या हातांपैकी निम्मे तरी टिकवा, अर्ध्या पॉटची लावली तर तीनांतले दोन. याहून जास्त टाकलं तर त्याला डोळे मिटून मारत राहणं परवडतं. कुठले टिकवायचे हे ठरवताना एक बारकावा फार उपयोगी पडतो. ज्या हुकलेल्या पत्त्यांची तुम्हाला अपेक्षा आहे, ते तुमच्याच हातात नसावेत. वरच्या डावात माझ्याकडे राजाऐवजी नव्वी असती तर काकांकडे नव्वी असण्याचे प्रकार तेवढे कमी झाले असते, आणि कॉल तितका चांगला राहिला नसता.

काय करू नका

उलटून ब्लफ मारू नका. हा सर्वात मोठा मोह. "तो थापा मारतोय ना, मीही मारते." पण जो सारखा मारतो त्याला पत्ते टाकायला आवडत नाही. रागाने केलेल्या ऑल-इनला, म्हणजे सगळ्या चिप्स एकदम लावण्याला, तो सत्तीच्या जोडीवरही कॉल करतो, आणि तुमच्याकडे तर काहीच नसतं. त्याच्यासमोर थाप मारण्यापेक्षा त्याला मारू द्या.

मजबूत हात लागला की घाईने रेज करू नका. तिकडी लागली आणि टेबलावर कलर किंवा सिक्वेन्सचा फारसा धोका नसेल तर चेक करा, कॉल करा, पुन्हा चेक करा. तो स्वतःच पॉट वाढवतो. दोन पत्ते एका रंगाचे पडले असतील तर मात्र थांबू नका. फ्लॉपवर चार पत्ते एका रंगाचे जमलेल्याचा कलर रिव्हरपर्यंत शंभरातून पस्तीस वेळा पुरा होतो, आणि त्याला फुकट पत्ता द्यायचा नसतो.

आणि सूड उगवायला बसू नका. नव्वीच्या जोडीने शंभरातून अठ्ठावीस वेळा हरायचंच असतं, लागोपाठ दोनदाही हरायला होतं. मी एक नियम केला. दोन मोठे पॉट लागोपाठ गेले की पुढचे पाच डाव पत्ते काहीही आले तरी टाकायचे, चहा प्यायचा आणि नुसतं बघायचं. त्या पाच डावांत जितकं दिसतं तितकं खेळताना दिसत नाही. काका चिप्स आधी मोजून ठेवतात की उचलताना मोजतात, गप्प कधी होतात, हे मी असंच बसून पाहिलं.

टेबलाचा दोष असेल तर

काही वेळा माणसापेक्षा टेबलाची मांडणी दांडगाई शिकवते. चिप्स फुकट आणि हरल्यावर लगेच नव्या ५००० मिळत असतील, तर दर डावात मारणं हाच शहाणपणा ठरतो. आमच्याकडे पहिले काही महिने असंच होतं, आणि खरं तर तेव्हा निम्मं टेबल काकांसारखंच खेळत होतं. मग आम्ही दोन बदल केले. एकदा चिप्स संपल्या की त्या रात्री बाहेर, आणि वर्षभराचा गुणतक्ता, पहिल्याला सहा, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला दोन. तो तक्ता फ्रिजवर चिकटवलेला आहे. पैसे नाहीत, पण फ्रिजवर तळाला नाव असणं कुणालाच आवडत नाही. बाकीचे महिन्याभरात सावरले. काका तसेच राहिले, म्हणून त्यांचा प्रश्न हा वेगळा प्रश्न आहे हे कळलं.

पत्त्यांपलीकडची दांडगाई निराळी. पाळी नसताना बोलणं, "अहो लवकर, लवकर" करत घाई लावणं, आधी थोड्या चिप्स पुढे करून समोरच्याचा चेहरा बघून मग आणखी टाकणं. याला गणित उपयोगाचं नाही, नियम लागतो. रक्कम एकदाच आणि तोंडाने सांगायची, हे पहिल्या शनिवारीच ठरवा. मोठ्या माणसाला टेबलावर सर्वांदेखत टोकू नका. पत्ते पिसले जात असताना हळूच "काका, रक्कम आधी सांगाल का, माझा गोंधळ होतो" एवढं पुरतं.

पुढचा टप्पा

हे सगळं जमलं की नवीन अडचण येते, आणि ती चांगली खूण आहे. समोरचा बदलतो. आक्रमकपणा हा मुळात दोष नाही. जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गला लिब्राटस नावाच्या संगणक प्रणालीने चार व्यावसायिक खेळाडूंना वीस दिवसांत १,२०,००० डाव खेळून हरवलं, आणि ती पॉटच्या कितीतरी पट बेट बेधडक लावत होती. फरक इतकाच की तिच्या मोठ्या बेटमागे खरे पत्ते आणि थापा यांचं प्रमाण जुळलेलं होतं, त्यामुळे सरसकट कॉल करूनही भागत नव्हतं आणि सरसकट टाकूनही नाही. काकांचं प्रमाण थापांकडे झुकलेलं होतं, म्हणून माझे कॉल चालले.

चालले, ते साधारण चार शनिवार. मग मी पुन्हा शेंगदाणे काढले, या वेळी फक्त रिव्हरच्या मोठ्या बेटसाठी. सहा वेळा पत्ते उघडले गेले, सहापैकी पाच वेळा काकांकडे खरा हात होता. माझ्यासमोर त्यांनी थापा सोडल्या होत्या. फ्लॉपआधीचे २०० मात्र तसेच चालू. म्हणून आता मी फ्लॉपआधी पूर्वीसारखीच पुन्हा रेज करते, फ्लॉप-टर्नला चिवट राहते, आणि रिव्हरला त्यांच्या दोन चळती पुढे आल्या की एका जोडीवर टाकून देते. परवा राजाची जोडी टाकली. त्यांनी पत्ते दाखवले नाहीत, मीही विचारलं नाही. वाटीतला दाणा मात्र बाजूला काढता आला नाही, न उघडलेले पत्ते मी मोजत नाही.